नगरसेवक नव्हते तेव्हा काय बिघडले होते?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. प्रश्न नवा नाही. सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर शोकसभेनंतरच्या चहाच्या वेळीही तो मला लोकांनी विचारला आहे. "इतकी वर्षे नगरसेवक नव्हते, तरी शहर चाललेच ना? कचरा उचलला जात होता, नळाला पाणी येत होते. मग तुम्ही पुरोगामी मंडळी निवडणुका घ्या म्हणून एवढी ओरड का करत होतात?" फ्लेक्स तरी कमी झाले होते, असेही काही जण वर सांगतात. ते मात्र खरे नाही. 'भावी नगरसेवक' असे लिहिलेले फ्लेक्स याच काळात सर्वांत जास्त लागले.

आधी झाले काय, ते थोडक्यात सांगतो. महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक झालीच पाहिजे, असे ७४व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे. तरीही छत्रपती संभाजीनगरची मुदत एप्रिल २०२० मध्ये आणि मुंबई-पुण्याची मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हा तेथे नगरसेवकांच्या सभागृहाऐवजी सरकारने नेमलेले प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणासाठी आवश्यक माहिती गोळा झाली नसल्याने सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१ चा निकाल आडवा आला, प्रभागरचना सरकार बदलले की बदलत राहिली, ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश झाला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच निवडणुका घेण्याचे फर्मान काढले, नंतर मुदतही वाढवून दिली, आणि २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. या काळात राज्यात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. त्यांपैकी कोणालाही फारशी घाई होती असे मला दिसले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. महापालिकेतील एखादा प्रस्ताव खात्याकडून आयुक्तांकडे, तेथून निवडक नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे आणि मोठा असेल तर सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेकडे जातो. प्रशासकांच्या काळात हा प्रवास एकाच दालनात पुरा होत असे, कारण आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवणारा, स्थायी समिती म्हणून तो तपासणारा आणि मुख्य सभा म्हणून त्याला मान्यता देणारा अधिकारी एकच होता. निविदा न काढता काम देण्याची जी वाट कायद्यात ठेवली आहे, आणि जिला पालिकेच्या आवारात 'पाच-दोन-दोन' म्हणतात, तिच्यावर स्थायी समितीच्या संमतीचे फाटक आहे. या काळात त्या फाटकाची किल्ली वाट चालणाऱ्याच्याच खिशात होती. प्रशासकांच्या ठरावांचे कागद मी माहिती अधिकारात मागवून वाचत असे. त्यांत विषय असे, रक्कम असे, 'मान्यता देण्यात येत आहे' ही ओळ असे. पण सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी केला, तहकुबी कोणी मागितली, यांपैकी काही नसे. इतिवृत्त वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना अशा कागदावर चुकल्याचुकल्यासारखे होते.

मुंबईचे आकडे पाहा. महापालिकेचा २०२२-२३ चा अर्थसंकल्प सुमारे ४५,९४९ कोटींचा होता, तर २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींवर गेला. २०२३-२४ पासूनच्या या तिन्ही अर्थसंकल्पांवर २२७ पैकी एकाही नगरसेवकाला बोलता आले नाही, कारण नगरसेवकच नव्हते. राजकारण मात्र कोठेही गेले नव्हते. पालकमंत्र्यांना पालिकेच्या मुख्यालयात दालन मिळाले आणि पालिकेच्या पैशातून आपल्या मतदारसंघात कामे सुचवण्याची सोय आमदार-खासदारांसाठी झाली. राजकारणाविना शहर चालले, असे ज्यांना वाटते, त्यांनी ते मंत्रालयातून चालले होते एवढे लक्षात घ्यावे.

नगरसेवकांची बाजू घेऊन भांडण्याची मला हौस नाही. टक्केवारी मी ऐकून आहे. बागेतल्या बाकड्यांपासून बसथांब्यापर्यंत 'यांच्या विकासनिधीतून' अशी नावे रंगवलेली रोज पाहतो. नगरसेविकेच्या खुर्चीत बसून तिचे यजमान लोकांशी बोलतात, हेही मला ठाऊक आहे. पण टक्केवारी सभागृहाबरोबर संपत नाही, तिचा बोभाटा करणारे तेवढे संपतात. सभागृहात विरोधी बाकावरचा एखादा माणूस, स्वतः धुतल्या तांदळासारखा नसला तरी, निव्वळ द्वेषापोटी का होईना, उठून "माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा" असे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येते. मला त्या नोंदीचे मोल फार वाटते.

ती नोंद किती काळ टिकते याचे उदाहरण पुण्यातच आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही सरकारनियुक्त. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ३२ सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या इमारतीवरील खर्चालाही त्यांचा असाच विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे, हा पुणेरी न्याय म्हणायचा. प्रस्ताव मंजूर झाले, खर्चही झाला. पण तेव्हा प्रशासक असता तर मतदानच झाले नसते, आणि फुल्यांचा विरोध आपल्याला कळलाही नसता.

सभागृह म्हणजे पुरोगामी विचाराचे माहेरघर, असेही समजू नये. सीताराम केशव बोले यांचा जो ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात संमत झाला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्यायले, आणि पुढे ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खुले करणारीही नगरपालिका आणि ते पुन्हा बंद करणारीही तीच. परंतु ठराव मागे घ्यायला उघडपणे ठरावच करावा लागला, आणि त्यामुळे भांडायचे कोणाशी व कशावर, हे लोकांना कळले.

प्रशासकांच्या काळात तेच कळेनासे झाले होते. बंगल्यात राहणाऱ्याला फरक पडला नाही, कारण त्याच्याकडे सहायक आयुक्तांचा मोबाइल क्रमांक होता. आमच्या भागातील वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंना आधारवरचा पत्ता बदलायचा होता. पूर्वी नगरसेवकाच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र नेले की काम होई. माजी नगरसेवकांकडे शिक्का उरला नव्हता आणि आमदारांच्या कार्यालयात जायचे तर एका घरचा खाडा पडत होता. त्याच वस्तीतील तुंबलेल्या ड्रेनेजबद्दल विचारायला आम्ही गेलो, तेव्हा कनिष्ठ अभियंत्यांनी नम्रपणे सांगितले की वरून मंजुरी यायची आहे. वरून म्हणजे कोणाकडून, ते त्यांनाही सांगता आले नाही. २०११ पासून राज्यातील महापालिकांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींच्या जागा आहेत. तक्रार घेऊन जाता येईल अशी ही माणसे या काळात एकदम नाहीशी झाली, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

आता सभागृहे भरली आहेत, तरी माझे समाधान झालेले नाही. मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी एका प्रभागातून चार जण निवडून येतात. एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करणे पक्षाच्या आणि पैशाच्या बळाविना जवळजवळ अशक्य असते, आणि निवडून आल्यावर "ते काम माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे" असे सांगायला चौघेही मोकळे. गावात ग्रामसभा भरते, कशीही का भरेना, तेथे सरपंचाला तोंडावर विचारता येते. शहरांसाठी तशाच, भागातील मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्येच कायद्यात आली. ती भरल्याचे आमच्या प्रभागात तरी कोणाच्या आठवणीत नाही. म्हणून निकालानंतर आम्ही काही जणांनी आमच्या चारही नगरसेवकांना क्षेत्रसभा घ्या असे लेखी पत्र दिले. दोघांनी पोच दिली, एकांच्या कार्यालयाने पत्र ठेवून घेतले, आणि चौथ्यांनी अशी सभा नेमकी कोणत्या कायद्यात आहे असे विचारले. त्यांना आम्ही कलमाची झेरॉक्स जोडून दुसरे पत्र पाठवले आहे.