विहिरीतला पिंपळ काढताना

आमच्या वावरातली विहीर आजोबांच्या वेळची, दगड-चुन्याची. बोअर झाली तसं तिच्याकडे कोणी फिरकेना. चार वर्षांत कठड्याच्या सांध्यात पिंपळ आला, आत पाण्याजवळ उंबर. साळुंक्या, वटवाघळं फळं खातात. बी पोटातून साबूत बाहेर पडतं. ओल धरलेला जुना चुना मिळाला की त्याला माती लागत नाही.

एक दगड सरकलेला दिसला म्हणून उन्हाळ्यात कोयत्याने पिंपळ छाटला. झालं उलटंच. पाऊस लागला आणि एका खोडाच्या जागी चार फुटवे! कोणी म्हणे मीठ भर, कोणी म्हणे ॲसिड ओत. विहिरीत ॲसिड?

मजूर मिळेना. पिंपळावर मुंजा असतो ना. "भाऊ, बाकी काईबी सांगा, त्याले मी हात नाई लावत." तोडगा आईने काढला. "तोडू नोको, दुसरीकडं लाव. मंग मुंज्याले घर तं रायते."

जुलैत दोन दिवसांची झड उघडल्यावर छन्नी-हातोडी घेऊन बसलो. ओला चुना भुसभुशीत होऊन निघतो. बाहेर बोटाएवढं दिसणारं मूळ आत मनगटाएवढं निघालं, दोन दगडांमध्ये चपटं होऊन पसरलेलं. सब्बल घातली असती तर दगडच विहिरीत गेला असता. हातभर मूळ मोकळं करायला अख्खी दुपार गेली, तरी शेवटचा तुकडा तुटून आत राहिलाच. पानं खुडली, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळली आणि संध्याकाळीच नाल्याकाठी, घरा-विहिरीपासून लांब लावलं. सांधा गवंड्याने चुना-वाळूनेच भरला. जुन्या चुन्यावर सिमेंट नको म्हणाला.

महिनाभर नुसती काडी उभी. पोळ्याच्या सुमारास टोकाला तांबूस पान दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात पारा 45 वर गेला तेव्हा बुडाला भोक पाडून वात लावलेलं मडकं शेजारी पुरलं, दोन दिवसांआड भरत राहिलो.

उंबर तसाच आहे. दत्ताचं झाड, कसं काढणार, असं सांगतो. खरं म्हणजे दोर धरून आत उतरायची माझी छाती नाही.

परवा पाहिलं तर कठड्याच्या त्याच सांध्यातून दोन पानं डोकावत होती. छन्नीला धार लावून ठेवलीय. झड लागायची वाट पाहतोय.