आमची वाटचाल : आधी नळीचे माप, मग काडतूस

अमेरिकेतील ओहायो राज्यात आमची छोटी फर्म जुन्या युरोपीय शिकारी रायफलींसाठी काडतुसांच्या पितळी पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणारी नळकांडी) आणि त्या घडवण्याचे डाय, म्हणजे साचे, तयार करते. भरलेली काडतुसे मात्र ज्या ग्राहकाची रायफल आम्ही स्वतः मोजली आहे, केवळ त्यालाच देते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि दारूगोळ्याचे काम परवान्याखेरीज करता येत नाही, त्यामुळे असा धंदा चालतो तरी कसा, असे महाराष्ट्रातील आप्त आणि परिचित नेहमी विचारतात. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी मूळचा पुण्याचा. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि माझे शिक्षण टूल अँड डाय मेकिंगचे. त्यामुळे पितळ, डाय आणि थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ही घरातलीच भाषा होती. ओहायोत मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. २००८ च्या मंदीत त्या कारखान्याचे काम आटले, तेव्हा मी एक जुना लेथ विकत घेतला आणि मिळेल ते जॉबवर्क करू लागलो. शेजारच्या गावातील एका वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या तीन नळ्यांच्या जर्मन ड्रिलिंग बंदुकीसाठी ९.३×७२ आर या काडतुसाचा डाय करून मागितला (अशा नावात पहिला आकडा साधारण गोळीच्या जाडीचा आणि दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये), आणि कामाची दिशा तिथे ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी जर्मनी आणि ऑस्ट्रियातून अशा बंदुका मोठ्या संख्येने आणल्या होत्या. आज त्या त्यांच्या नातवंडांकडे आहेत, पण त्यांची काडतुसे दुकानात सहजी मिळत नाहीत. अमेरिकेत हाताने काडतूस भरण्याचा छंद सर्वत्र आहे आणि त्याची साधने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही आहेत. मात्र वर्षाकाठी मोजके नग खपणाऱ्या मापासाठी त्या यंत्र थांबवत नाहीत. आमच्यासारख्यांना जागा मिळते ती तिथे.

सुरुवातीपासून पाळलेला एक नियम आमच्या धंद्याचा पाया ठरला : नळी मोजल्याशिवाय काडतूस द्यायचे नाही. या नियमामुळे पहिली काही वर्षे जितकी कामे स्वीकारली, जवळजवळ तितकीच परत पाठवली, आणि काही ग्राहक रागावूनही गेले. कारण समजण्यासाठी ८×५७ हे एक उदाहरण पुरेसे आहे. जर्मन सैन्याने १८८८ साली स्वीकारलेल्या या काडतुसाच्या गोळीचा व्यास ०.३१८ इंच होता; १९०५ साली टोकदार गोळी आली तेव्हा तो ०.३२३ इंच झाला, परंतु पुंगळीचा बाहेरचा आकार जवळजवळ तोच राहिला. सैन्याने आपल्या नळ्या नव्या मापाच्या केल्या. शिकारी रायफली घडवणाऱ्या कारागिरांनी मात्र पुढे कित्येक वर्षे दोन्ही मापे चालू ठेवली. परिणामी एकाच नावाच्या रायफलीत अरुंद नळी निघेल की रुंद, हे नावावरून कळत नाही, आणि अरुंद नळीत पाच थाऊ जाड गोळी ढकलली गेली तर दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. याच भीतीपोटी अमेरिकी मानकाने या काडतुसाच्या कमाल दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इतकी खाली ठेवली आहे, तर युरोपीय मानकानुसार रुंद नळीच्या काडतुसाला ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय, दाब चालतो. आजोबांची रायफल आणि दुकानातून आणलेला युरोपीय काडतुसांचा डबा घेऊन कोणी आले, तर आम्ही आधी तो डबा बाजूला ठेवायला सांगतो.

मोजण्याची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून सळईने हळूहळू पुढे सारायचा. बाहेर येताना त्यावर नळीतील खाचांचा ठसा उमटलेला असतो आणि मायक्रोमीटरने त्याचा व्यास घेता येतो. चेंबरसाठी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेसाठी, सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतो. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियमचे हे मिश्रण ७१ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, त्यामुळे पाण्याच्या वाफेवर ठेवलेले भांडेही पुरते. नळीत चिंधीचा बोळा बसवून ते चेंबरमध्ये ओतले की थोड्याच वेळात घट्ट होते, आधी किंचित आकसते, मग पुन्हा फुगू लागते, आणि साधारण तासाभराने बरोबर चेंबरच्या मापाचे होते. माप घेण्याची वेळ तीच. दुसऱ्या दिवशी घेतलेला आकडा थोडा मोठा भरतो. असे करड्या रंगाचे, पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे ओतीव नमुने आमच्याकडे चिठ्ठ्या लावून कपाटात ठेवले आहेत, आणि माझ्या मते फर्मची खरी मालमत्ता लेथ नसून ते कपाट आहे.

पुंगळी घडवण्याचे काम बाहेरून दिसते त्याहून किचकट आहे. सहज मिळणारी ३०-०६ या अमेरिकी काडतुसाची पुंगळी सुमारे ६३ मिलिमीटर लांब असते. तिचा खांदा, म्हणजे धड निमुळते होऊन मान सुरू होते तो भाग, डायने मागे दाबून आणि लांबी कापून ती ५७ मिलिमीटरची करता येते. परंतु अशा पुंगळीची नवी मान, म्हणजे गोळी धरणारे पुढचे अरुंद टोक, पूर्वी धडाचा भाग असलेल्या जाड भिंतीतून तयार होते, आणि ती तशीच ठेवली तर गोळी झाडताना मानेला फुगून गोळी सोडायला चेंबरमध्ये जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक मान आतून रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) मोकळी करावी लागते आणि भिंतीची जाडी मोजावी लागते. घडवताना पितळ ताठरते, ते मानेपाशी तापवून नरम करावे लागते. पण बूड मात्र तापू द्यायचे नाही, कारण दाब पेलण्यासाठी तिथला कडकपणा आवश्यक असतो. बुडावर जुन्या मापाचा छाप राहिलेला असतो, म्हणून प्रत्येक डब्यावर आणि पुंगळीच्या अंगावर आम्ही नवे माप लिहितो.

पितळाच्या दोषाची एक कथा भारताशी जोडलेली आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण यांचा तो परिणाम होता, हे १९२१ साली स्पष्ट झाले. हे ठाऊक असल्यामुळे अमोनिया असलेले कोणतेही पॉलिश आमच्या शेडमध्ये येत नाही, ग्राहकाने कितीही चकाकी मागितली तरी.

मॅनलिखर-शोनाउअर रायफलींचे काम आम्हाला सर्वांत आवडते. ऑस्ट्रियातील श्टायर येथे तयार होणाऱ्या या रायफलीचे १९०३ चे मॉडेल ६.५×५४ मापाचे, आणि पुढे १९०५, १९०८ व १९१० साली ९×५६, ८×५६ आणि ९.५×५७ ही मापे आली. तिच्या फिरत्या मॅगझिनमध्ये प्रत्येक काडतूस आपापल्या खोबणीत बसते, आणि ती खोबण त्याच मापाच्या काडतुसासाठी कोरलेली असते. ६.५ ची रायफल १६० ग्रेन (सुमारे १०.४ ग्रॅम) वजनाच्या लांब, बोथट नाकाच्या गोळीसाठी घडवलेली आहे; हलकी टोकदार गोळी बसवली की काडतूस मॅगझिनमधून नीट सरकत नाही आणि नळीच्या खाचांपर्यंत पोहोचायला गोळीला उडी घ्यावी लागते. ही बोथट गोळी बाजारात कधी असते, कधी नसते. असते तेव्हा आम्ही साठा करून ठेवतो.

हिशेब आणि नोंदवह्या माझी पत्नी पाहते, आणि या धंद्यात नोंदी म्हणजे निम्मे काम. काडतुसे बनवण्याचा फेडरल परवाना तीन वर्षांसाठी अवघ्या ३० डॉलरांत मिळतो. विम्याचा हप्ता मात्र डोळ्यांत पाणी आणतो. भरलेल्या काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर लागतो आणि तो १९३७ च्या कायद्यानुसार राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी वाटला जातो. २०२० मध्ये देशभर प्रायमरचा (काडतुसाच्या बुडातील, दारू पेटवणाऱ्या टोपीचा) तुटवडा झाला तेव्हा काडतुसे भरणे जवळपास थांबले, आणि आम्ही फक्त पुंगळ्या, डाय आणि मोजणी यांवर तग धरला. मोजणीसाठी वेगळे पैसे आकारायला आम्ही तेव्हापासून लागलो. ते आधीच करायला हवे होते, असे पत्नीचे स्पष्ट मत आहे.

सध्या ९.५×५७ च्या डायचा संच हाती आहे. या मापाच्या दोन रायफलींचे ओतीव नमुने मिळाले आहेत आणि दोन्हींच्या चेंबरची मान सारखी नाही, त्यामुळे एक रीमर पुरेल की दोन करावे लागतील, हे तिसरी रायफल मोजल्यावर ठरवू.