पाखराला सातबारा असतो का?

जाहीर सूचना पेपराच्या आतल्या पानावर बोटभर जागेत होती: दगडखाण, जनसुनावणी, तीस दिवसांनी. जागा आमच्या बालाघाटातल्या ओढ्याला लागून.

खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मसुदा केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे कुणालाही बघता येतो. कचेरीत ते पटवण्यात सकाळ गेली. पक्ष्यांच्या यादीत कावळा, साळुंकी, होला, बुलबुल. नवरंग नाही, स्वर्गीय नर्तक नाही. खोटं काहीच नव्हतं. पाहणीच जानेवारीतली! नियम तसाच आहे, एका हंगामाची पाहणी, तीही पावसाळा सोडून. धूळ मोजायला ठीक. पण आमच्या रानातली कितीतरी पाखरं घरटी करतात ती पावसाळ्यात. नवरंग तर मृगाच्या तोंडावर येतो, दसऱ्याच्या आसपास जातो. तो जानेवारीत कुठून दिसणार?

मागच्या जुलैत ओढ्यावर धावड्याच्या बेचक्यात नर्तकाचं घरटं दिसलं होतं. मुठीत मावेल एवढी वाटी, बारीक गवताची, वरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेली. आत नर बसलेला, लांब पांढरी शेपटी बाहेर लोंबतेय. अंडी उबायला दोन आठवडे, पिल्लं उडायला अजून दहा-बारा दिवस. लांबून काढलेला फोटो, तारीख, जागा घालून लेखी निवेदन दिलं.

सुनावणीत लोक विहिरींवर, भिंतींच्या तड्यांवर, पोरांच्या नोकऱ्यांवर बोलले. रास्तच होतं. माझी पाळी आली तसं मागून कुणीतरी म्हणलं, "गुरुजी, पाखराला सातबारा असतो का?" सगळे हसले, मीही. मग १९७२चा वन्यजीव कायदा घरट्याला धक्का लावणंसुद्धा शिकारीत धरतो, हे सांगितलं. मागणी एवढीच: जून ते सप्टेंबर ओढ्यालगत झाडतोड आणि सुरुंग बंद. खाणच नको म्हणलो असतो तर निम्मं गाव माझ्यावर उठलं असतं.

शेवटी सुनावणीत उतरवलेले मुद्दे साहेबांना वाचून दाखवावे लागतात, म्हणून थांबलो. बाकीचे चहाला गेलेले. माझं म्हणणं "पक्ष्यांची काळजी घ्यावी" एवढंच उतरवलेलं! महिने घाला, ओढा घाला म्हणलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण दुरुस्ती झाली.

मंजुरी सव्वा वर्षानं आली. अटींत झाडतोडीची बंदी आहे, सुरुंगांची नाही. अटी पाळल्याचा अहवाल खाणवाल्यांना दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तोवर मी वहीत सुरुंगाच्या वेळा आणि घरट्यांच्या तारखा शेजारी-शेजारी लिहितोय.