हिरवा बास, भाग ४ : साडेतीस इंच विसरा

आधी चूक कबूल करतो. माझ्या या हिरवा रंग फासलेल्या जुन्या बास गिटारचा कारखाना आपण शोधतोय; मागच्या भागात मी त्याची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेतीस इंच सांगितली आणि तुम्ही सगळे तेवढ्याच स्केलच्या गिब्सन ईबी-झिरो बासच्या नकलेमागे लागलात. मीही लागलो होतो. परवा मोजायची टेप पुन्हा लावली तेव्हा ट्यूब पेटली: याला झिरो फ्रेट आहे, म्हणजे तार जिथून वाजू लागते ती नेकवरची पहिली धातूची पट्टी, आणि मी माप तिच्यामागच्या नटापासून, म्हणजे तारांच्या खोबणीच्या पट्टीपासून, घेतलं होतं! नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत सव्वापंधरा, झिरो फ्रेटपासून बरोबर पंधरा. म्हणजे स्केल त्याच्या दुप्पट, तीस. पाव इंचाने दोन रात्रींची झोप खाल्ली.

नेक जिथे स्क्रूने बसवलीय त्या नेकप्लेटवर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' आणि 'जपान', बस. साठच्या दशकातल्या जपानी मालाची हीच पंचाईत. कारखाना एक, विकणारे अनेक, प्रत्येकाचा बिल्ला निराळा. त्यात १९६७मध्ये कावाई या जपानी कंपनीने टायस्को ही दुसरी गिटार कंपनी विकत घेतली, म्हणजे पार्ट बघून नाव ठरवणं आणखी कठीण. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवर अमेरिकन मालासारखा १३७ने सुरू होणारा आकडा असता तर वर्ष-आठवडा घरबसल्या कळला असता. तोही नाही.

मग नेक उतरवली. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावून एका स्क्रूचं डोकं गुळगुळीत करून ठेवलं, तेव्हा आठवलं की जपानी स्क्रूला जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा ड्रायव्हर लागतो. फोंड्यात जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडून मागून आणला. उरलेले तीन लोण्यासारखे निघाले. ऑनलाइन मिळणारे चकचकीत 'गिटार टूल किट' घेऊ नका, हा एक ड्रायव्हर घ्या.

नेक बसते त्या खाचेत शिम, म्हणजे पाचर, म्हणून घडी घातलेला कागद निघाला. तियात्राचं, म्हणजे गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकाचं हँडबिल! रोमी अक्षरांतलं 'कांतारां' (गाणी) तेवढं वाचता येतं, बाकी वाळवीने आणि घामाने खाल्लंय. पण खरी गंमत कागदाच्या कडेला होती. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर हिरवा ओघळ होता. म्हणजे रंगवणाऱ्याने नेक काढलीच नव्हती. मग खाचेत मूळ रंग शाबूत असणार. टॉर्च मारला, आणि होता! मधाचा पिवळा, कडेकडे लाल, मग काळा. सनबर्स्ट.

आता या सनबर्स्टवर कोणीतरी दाराखिडक्यांचा ऑइल पेंट फासलाय. तो काढायचा तर खालचा रंग थिनरमध्ये विरघळणारा नायट्रो आहे की न विरघळणारा पॉली, हे कळल्याशिवाय हात लावणं म्हणजे आत्महत्या. खाचेतच कापसाच्या काडीने एनसी थिनर लावला आणि पाच मिनिटं थांबलो. नायट्रो असता तर चिकट झाला असता. हा ढिम्म. पॉली! तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, म्हणजे पिकगार्डखाली, असलेल्या हिरव्यावर तोच थिनर लावला, तर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला.

थिनरच्या वासाने आईने मला पडवीत हाकललं. बाहेर धो धो पाऊस, आत मी फडका आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन. दोन तासांत पुढची बाजू निम्मी मोकळी झाली आणि मी शीळ घालायला लागलो. मग तारा जिथे अडकतात त्या ब्रिजच्या खाली पोचलो. तिथे रंगच नाही. तळहाताएवढं उघडं लाकूड, त्यावर पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे. कोणीतरी घासायला घेतलं, कंटाळला, आणि सरळ हिरवा डबा उघडला.

म्हणजे पुन्हा मूळ प्रश्न: जुना रंग वाचवायचा की नवा मारायचा? पूर्ण घासून नवा सनबर्स्ट मारायचा? इथल्या गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बाब, आषाढात ड्यूको मारला तर पांढरा पडणार. दिवाळीनंतर ये." खरंच आहे. ड्यूको म्हणजे गाड्यांवर फवारायचा थिनरमधला रंग; थिनर उडताना पत्रा असो वा लाकूड, गार पडतं आणि हवेतला ओलावा रंगात अडकतो. गाड्यांच्या ड्यूकोवरून मी त्याच्याशी कधी वाद घालत नाही.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय की दिवाळीपर्यंत तरी कशाला थांबायचं? चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून तेवढ्याच ठिगळावर पातळ हात द्यावेत. शेजारच्या पॉलीला स्पिरिट काही करणार नाही आणि नको वाटलं तर पुसून टाकता येईल. लांबी (पुट्टी) भरायची नाही, ओरखडे दिसू देत. आणि मागची बाजू? काल ठरवलं होतं तीही सोलायची. आता हिरवीच ठेवतो. हँडबिलही परत खाचेत जाणार, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, त्यावरच बसलेली आहे.

हेडस्टॉकवर बिल्ल्याची दोन भोकं आहेत, मधलं अंतर ४१ मिलीमीटर. कोणाकडे त्या काळातला जपानी बिल्ला पडला असेल तर मोजून सांगा. भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, माझ्यासारखं नको.