पाइकच्या तोंडाशी काय बांधायचं?

भावोजी मूळचे सांगोल्याचे. आमच्या घरचे जावई झाल्यावर मालवणच्या पहिल्याच जेवणात त्यांनी बांगड्याचा काटा घशात अडकवून घेतला होता. तोच माणूस आता अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसच्या उपनगरात राहतो, दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसतो आणि मला फोनवर मासेमारी शिकवतो. मला! मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर मामाच्या मागे मागे गरवायला जाऊन मोठा झालेल्या मला. जानेवारीत ताईकडे गेलो, तो अर्धा या रागापोटीच.

पहाटे पाचला निघालो. १६९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला गेलं की उजव्या हाताला मिल लॅक्स तलाव लागतो. ५०० चौरस किलोमीटरहून मोठं पाणी, पण पाणी कुठे दिसतच नाही. पांढरं पठार, त्यावर रस्ते, रस्त्यांवर पिकअप गाड्या आणि लाकडी खोपट्यांच्या वसाहती. गॅरिसनला किनाऱ्यावर वॉलाय माशाचा भलामोठा पुतळा आहे, तिथे कॉफी घेतली. आम्हाला वॉलाय नको होता. आम्हाला हवा होता नॉर्दर्न पाइक. आपल्याकडच्या मरळसारखाच दबा धरून बसणारा, वेलींच्या कडेला खांबासारखा स्थिर, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की सुटणारा. थंडीतही याची भूक मरत नाही, म्हणून बर्फातल्या मासेमारीत त्याला मान.

ब्रेनर्डजवळ आमिषाच्या दुकानात थांबलो आणि माझी पहिली चूक तिथे झाली. भिंतभर दोऱ्यांची रिळं. मी ३० पौंडी बारीक ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, उचलली. शिवणकामाच्या दोऱ्याएवढी जाड, पण सुमारे साडेतेरा किलो वजन पेलणारी. मासा असणार दोन-तीन किलोचा, म्हणजे झालंच. पुढच्या तुकड्यासाठी, ज्याला इथे लीडर म्हणतात, २० पौंडी फ्लोरोकार्बन, म्हणजे नायलॉनसारखाच एक प्लास्टिकचा धागा, घेतलं. शिवाय मामाची आठवण म्हणून एक स्टीलच्या एकेरी तारेचं पाकीट. सुरमईसाठी मामा नेहमी तार बांधायचा. "सुरमय तंगूस कापता," एवढंच त्याचं शास्त्र. तंगूस म्हणजे गळाचा प्लास्टिकचा धागा. भावोजी शेजारी उभे राहून सगळं बघत होते, पण बोलले नाहीत. सासरच्या माणसाला दुकानात चार लोकांसमोर काय सांगायचं!

तळ्यावर उणे २१ सेल्सिअस. चालायला किमान ४ इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा असं इथलं सरकारी खातं सांगतं. आमच्या पायाखाली १७ इंच होता. तरी मधूनच तो खालून हंबरल्यासारखा आवाज करतो. बर्फ थंडीने आकसतो-फुगतो, त्याचा तो आवाज, घाबरायचं कारण नाही, असं भावोजींनी सांगितलं. मी घाबरलोच. त्यांनी मोठ्या गिरमिटाने १० इंची भोकं पाडली आणि झाऱ्याने वरचा बर्फाचा चुरा काढला. झारा म्हणजे अगदी बुंदीचा झारा, फक्त दांडा लांब.

हिवाळ्यात मिनेसोटात माणशी दोन गळ चालतात, उन्हाळ्यात एकच. आम्ही टिप-अप लावले: भोकावर आडवी पट्टी, तिच्याखाली पाण्यात बुडालेलं रीळ, वर वाकवून अडकवलेला झेंडा. मासा आमिष घेऊन पळाला की रीळ फिरतं आणि झेंडा टणकन उभा राहतो. आपण २०० फुटांच्या आत कुठेही बसावं, चहा प्यावा. रॉड नाही, हँडल नाही. दोरी हाताने ओढायची. ही शेवटची गोष्ट मी दुकानात विसरलो होतो.

तासाभराने माझा झेंडा उठला. मी धावलो. "आरं पळू नको, घसरशील!" मागून आवाज. घसरलो, उठलो, हातमोजे काढले, दोरी धरली आणि झटका दिला. पलीकडे जीव होता. तीन-चार वाव ओढेपर्यंत ती ब्रेड मांजासारखी बोटात घुसली. पाण्यातून वर आलेला भाग पाणी पिऊन आला होता आणि वाऱ्यात पाच-सात सेकंदांत गोठला. बर्फावर पडलेली वेटोळी एकमेकांना चिकटली, त्यांचा गुंता माझ्या बुटाखाली गेला, आणि मी तो सोडवतोय तोवर ओढ नाहीशी झाली. टोक वर आलं. फ्लोरोकार्बन तिरकं कापलेलं, त्याच्या वरचा चार बोटं भाग खरवडलेला. सुरी नव्हती. दात होते.

भावोजींनी आपला गळ वर काढून दाखवला. वरची दोरी डेक्रॉनची, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरची, ४० पौंडी, पायजम्याच्या नाडीची धाकटी बहीण. जाड आहे म्हणून ओल्या, बधिर हातात पकडता येते, बोट कापत नाही, मऊ पडते. वर मेणचट लेप असल्यामुळे पाणी कमी पिते आणि बर्फावर टाकली तरी सैल राहते. नायलॉनचं तंगूस या थंडीत रिळावरून स्प्रिंगसारखं निघतं आणि तसंच राहतं. वरची दोरी माणसाच्या हातासाठी निवडायची, माशासाठी नाही. मासा तिला बघतही नाही.

त्याला दिसतो तो खालचा दीड-दोन फुटांचा तुकडा. आणि इथे मी ताकदीचा आकडा वाचला होता, दातांचा विचार केला नव्हता. पाइकच्या तोंडात शेकडो दात. टाळूवरचे तर मागे झुकलेले, कंगव्यासारखे. तो भक्ष्याला आडवं धरतो, थांबतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. त्या थांबण्यात लीडर दातांवर घासत असतो. २० पौंडी धागा २० पौंड ओढीला तुटणार नाही, पण तिथे ओढ नसतेच, करवत असते. म्हणून भावोजी ८० पौंडी फ्लोरोकार्बन वापरतात. जवळपास मिलिमीटरभर जाड, इस्त्री केल्यासारखं ताठ.

फ्लोरोकार्बन पाण्यात दिसत नाही असं सगळे सांगतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या पुढे, त्यामुळे फरक कमी, हे खरं. पण मिलिमीटरभर जाडीच्या धाग्याला अदृश्य म्हणणं मला पटत नाही. माझ्या मते त्याची खरी कमाई म्हणजे तो घासला तरी टिकतो आणि पाण्यापेक्षा जड असल्याने सरळ खाली बुडतो.

मी हट्टाने मामाची तार दुसऱ्या भोकात लावली. तिने वीसेक इंची एक पाइक आणला, तेव्हा माझी छाती फुगली. पण सोडवून बघितलं तर तारेला डुकराच्या शेपटीसारखा पीळ बसलेला. एकेरी स्टीलला असा पीळ पडला की ती तिथेच कधीतरी मोडणार. सात पदरी तार मऊ असते, टायटॅनियमची वाकवली तरी पुन्हा सरळ होते, पण तिची किंमत ऐकून मी तो विचारच सोडला.

जाड फ्लोरोकार्बनला गाठ मारणं हा वेगळाच छळ. आवळण्याआधी ती ओली करावी लागते, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने धागा तिथेच कमजोर होतो. मी थुंकी लावली. थुंकी गोठली. भावोजी हसत सुटले. ते लीडर घरीच, ताईच्या ओट्यावर बनवतात: धागा तांब्याच्या बारीक नळीतून दुहेरी घ्यायचा आणि पक्कडीने नळीचा फक्त मधला भाग दाबायचा. कडा दाबल्या तर नळीच धागा कापते. वर एक फिरकी, खाली आमिषाच्या माशाच्या पाठीला आणि डोक्याशी लागणारे दोन तिकाटी गळ. दोन गळ असले की झेंडा उठल्यावर थांबायचं नाही, लगेच ओढायचं, म्हणजे मासा गळ पोटात घेत नाही आणि सोडून दिला तर जगतो. असे डझनभर लीडर ते फोमच्या नळकांड्यावर गुंडाळून आणतात.

दुपारी त्यातलाच एक लीडर माझ्या दोरीला बांधलेला होता तेव्हा झेंडा उठला. या वेळी चालत गेलो. डेक्रॉन हातात आली, जड, ओली, पण हातात राहणारी. मासा दोनदा भोकापर्यंत आला आणि दोनदा बर्फाखाली निसटला. तेव्हा लीडर भोकाच्या खालच्या धारदार काठावर करकरताना बोटांना कळत होतं. तिसऱ्यांदा डोकं भोकात शिरलं. हिरवं, बदकाच्या चोचीसारखं चपटं, अंगावर पिवळट ठिपके. मोजला: २४ इंच. आणि भावोजी म्हणाले, सोड.

या भागात माणशी १० पाइक नेता येतात, पण २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक लगेच पाण्यात, आणि २६ च्या वरचे फक्त दोन. २०१८ पासूनचा नियम. तळ्यांत बारीक पाइक माजले होते, इथे त्यांना हातोड्याचे दांडे म्हणतात. ते लोकांनी खावेत आणि मधल्या मापाच्यांना वाढू द्यावं, हा हेतू. सोडला. शेपटी हलवून तो काळ्या पाण्यात गेला.

भावोजींनी लीडर नखाखालून ओढला, मध्येच थांबले, एक खरवड सापडली. बोलले काही नाहीत. कापून टाकला आणि नळकांड्यावरून नवा काढला.

तीन दांडे घरी आणले. ताईने तिरफळं घालून तिखलं केलं. पाइकला वाय आकाराचे आडवे काटे असतात, त्यामुळे जेवताना कोणी बोललं नाही. भावोजींनी एकही काटा अडकू दिला नाही, हे नोंदवतो.

रात्री मामाला २४ इंची पाइकचा फोटो पाठवला. मालवणात तेव्हा सकाळ होती, लगेच फोन आला. माशाबद्दल एक शब्द नाही.

"तोंडाकडे काय बांधललंस? तार मां?"

"नाही मामा. तंगूसच. पण जाड."

"मगे कापूक नाय?"

ते कोणतं तंगूस आणि किती पौंडी, हे सांगता सांगता अर्धा तास गेला. तो ऐकत होता, मधून हुंकार देत होता. शेवटी म्हणाला, "येतना एक बंडल हाड."