तुम्ही विचारलंत म्हणून: रखमाबाई पांढरी साडी का नेसल्या?

जुन्या मुंबईतल्या बायकांबद्दल मी बोलते-लिहिते, त्यात डॉ. रखमाबाईंचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा कॉलेजातली एखादी मुलगी विचारते आणि जरा रागातच विचारते, की ज्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणून ही बाई जेलमध्ये जायला तयार झाली, तोच नवरा वारल्यावर तिने विधवेचे पांढरे कपडे का घातले? मग एवढं सगळं केलं कशाला?

राग मला समजतो. मलाही ते खटकतं, अजूनही.

ज्यांना केस माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. रखमाबाई १८६४ च्या, मुंबईच्या. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लावून दिलं, पण त्या राहिल्या आईकडेच. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, चांगला माणूस, डॉक्टर आणि वनस्पतींचा अभ्यासक, घरात पुस्तकं, माणसांची ये-जा, त्यामुळे मुलगी वाचायला लागली आणि मग तिला सासरी जावंसं वाटेना. १८८४ ला दादाजी कोर्टात गेले की बायकोला नांदायला पाठवा. (रखमाबाईंच्या नावावर सख्ख्या वडिलांची मालमत्ता होती, हे विसरू नका, प्रेमाचा मामला नव्हता हा.) पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे म्हणाले की कळायच्या आधी लग्न लावलेल्या बाईला असं ओढून पाठवता येणार नाही. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. मग दादाजींचं अपील, केस परत खालच्या न्यायाधीशांकडे, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. केसरीतून टिळक त्यांच्या विरोधात, इकडे बाई टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून टोपणनावाने बालविवाहावर पत्रं लिहून मोकळ्या झालेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसता धुरळा. १८८८ ला दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावायचा नाद सोडला.

आता इथे गोम आहे, जी गोष्ट सांगताना बरेचजण गाळतात. दोन हजारांत लग्न मोडलं नाही. फक्त दादाजी तो हुकूम बजावणार नाहीत एवढंच ठरलं. त्यामुळे कागदावर आणि लोकांच्या तोंडी त्या दादाजींच्या बायकोच राहिल्या, लंडनला गेल्या तेव्हाही आणि डॉक्टर होऊन आल्या तेव्हाही.

लंडनला १८८९ मध्ये गेल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिलं. शिकायला लंडन, परीक्षेला स्कॉटलंड, एम.डी.ला ब्रुसेल्स, मग परत मुंबई, मग सुरत. (त्यांना पहिली प्रॅक्टिस करणारी भारतीय लेडी डॉक्टर म्हणणाऱ्या पोस्ट फिरत असतात, तेवढं प्लीज करू नका, कोलकात्यात कादंबिनी गांगुली त्याआधीच प्रॅक्टिस करत होत्या.) इतकं फिरलेली, मुंबईत वाढलेली बाई सुरतेच्या बायकांच्या हॉस्पिटलात जाऊन बसली आणि वीस-बावीस वर्षं तिथेच राहिली. सुरुवातीला बाळंतपणाला कोणी येईचना. असं सांगतात की बाईंनी एक गाभण शेळी हॉस्पिटलात आणवली, तिचं बाळंतपण नीट केलं आणि लोकांना दाखवलं, बघा, आई जिवंत, पिल्लू जिवंत, मग हळूहळू बायका यायला लागल्या. खरं-खोटं शेळीला माहीत, पण मला ही गोष्ट कोर्टाच्या सगळ्या भाषणांपेक्षा आवडते.

तर साडी. दादाजी १९०४ ला वारले. बाई तेव्हा चाळिशीच्या, सुरतेत पाय रोवलेल्या, रोज नवनव्या घरातल्या बायका तपासणाऱ्या. माझं मत विचाराल तर त्यांचं भांडण कुंकवाशी किंवा साडीच्या रंगाशी नव्हतंच, मला न विचारता माझं शरीर कुणाच्या तरी घरी पाठवू नका एवढंच होतं, आणि ते भांडण त्यांनी पूर्ण भांडून घेतलं होतं. बाकी आपल्याला हवी तशी शंभर टक्के बंडखोर बाई व्हायचं त्यांनी कुणाला कबूल केलं नव्हतं. लोक आयुष्यभर ‘नवऱ्याला सोडलेली’ म्हणत आलेले, तिथे पांढरी साडी नेसून विषय बंद करणं हे सोयीचंही असेल.

पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी दिसतं. त्या काळात विधवेची सावली शुभकार्यात नको म्हणायचे, ओटी भरताना नको, बारशाला नको, सकाळी समोर आली तर लोक पाऊल मागे घ्यायचे. आणि इथे पांढऱ्या साडीतली बाई कळा सुरू झालेल्या सवाष्णीच्या उशाशी उभी, नाळ तीच कापणार, बाळाला पहिला हातही तिचाच लागणार, आणि बाहेर बसलेली सासू गप्प, कारण दुसरी डॉक्टरीण आणायची कुठून? १९०४ नंतर सुरतेत आणि १९१७-१८ पासून राजकोटला हेच चाललं, त्या निवृत्त होईपर्यंत. प्रवचन नाही, लेख नाही, नुसती ड्युटी.

कोर्टाची भानगड चार वर्षांची, हॉस्पिटल पस्तीसेक वर्षांचं, आणि आपण बोलतो मात्र त्या चार वर्षांवर, मीसुद्धा वर बघा किती ओळी खर्च केल्या.

निवृत्तीनंतर मुंबईला परत आल्या, पडद्याच्या प्रथेविरुद्ध लिहिलं आणि बरंच जगल्या. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, त्यात घटस्फोट मिळाला, पण कलम ९ मध्ये ‘नांदायला चल’वाला दावाही राहिलाच, फक्त आता तुरुंगाची भीती नाही. बाई तेव्हा नव्वदीच्या. त्याच सप्टेंबरमध्ये गेल्या. ते कलम अजून आहे आणि फॅमिली कोर्टात त्याखाली अजून अर्ज पडतात. पुढच्या वेळी साडीऐवजी त्याबद्दल विचारलंत तर मला जास्त आवडेल.