साखरेचे चार खडे

आमच्या बी.ए.च्या मुलांनी यंदा दोन इंग्रजी प्रवेश केले. परभणीच्या मुलांना इंग्रजांच्या दिवाणखान्यातलं काय कळणार, असं स्टाफरूममध्ये ऐकलं. अहो, आपलं लाडकं 'संशयकल्लोळ' देवलांनी आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरूनच तर बेतलं!

वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मधला (१८९५) चहाचा प्रवेश घ्या. ग्वेंडोलन आणि सेसिली, दोघींनाही वाटतंय की अर्नेस्टशी आपलंच लग्न ठरलंय. भांडण पेटणार तेवढ्यात नोकर चहा घेऊन येतो. ग्वेंडोलन साखर नको म्हणते, तर सेसिली तिच्या कपात चार खडे टाकते. सेसिली झालेली गंगाखेडची मुलगी तालमीत इथंच अडली. "मॅडम, साखर जास्त टाकली तर तिला राग कशाचा यायलाय? आमच्याकडं नको म्हणलं तरी टाकतेत की!"

उत्तर मी देण्याआधी नोकर झालेल्या मुलानं दिलं. "मी उभा हाय म्हणून त्या भांडंनात. पाहुण्यांपुढं जावा गोड बोलतेत ना, तसं."

अगदी बरोबर! मग त्याला ट्रे धरून निश्चल उभं केलं. तो जितका शांत, तितकी या दोघींच्या गोड बोलण्याला धार चढायची. साखरेचे चौकोनी खडे मिळाले नाहीत म्हणून खडूचे तुकडे केले. रिकाम्या कपात ते टण्‌ टण्‌ वाजायचे. प्रयोगात तिसऱ्या खड्याला हशा पिकला. चौथा चिमट्यात धरून ती थांबली, ग्वेंडोलनकडं बघून हसली आणि मगच सोडला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेरिडनच्या 'द स्कूल फॉर स्कँडल'मधला (१७७७) पडदा कोसळण्याचा प्रवेशही रंगला. घडीचा पडदा एका दवाखान्यातून आणला होता. त्यामागं आपलीच बायको दिसल्यावर सर पीटरनं जरा घाई केली, तिथं क्षणभर थांबायला हवं होतं.

साहेबी उच्चारांची नक्कल मी करू दिली नाही. शब्द स्वच्छ हवेत आणि वाक्याचा शेवट गिळायचा नाही, कारण वाइल्डचा डंख बहुतेक वेळा तिथंच असतो. आपल्या हेलात बोलूनही मुलांचा एकही विनोद वाया गेला नाही.

पुढच्या वर्षी गोल्डस्मिथचं 'शी स्टूप्स टू कॉन्कर' घ्यायचंय. त्यात पाहुणे यजमानाच्या घराला खाणावळ समजतात आणि त्यालाच हुकूम सोडतात. यजमान म्हणून ट्रेवाला मुलगा माझ्या मनात आहे.